खरजेचं औषध अख्ख्या घराला

वर्षावासाच्या समाप्तीला आमच्या विहारात दरवर्षी वर्गणी जमते. मंडप, रोषणाई, भोजनदान यांत ती खर्च होते. यंदा हिशेबाच्या बैठकीत वस्तीतलीच एक मुलगी उठली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "यातले थोडे पैसे रोहिंग्या निर्वासितांसाठी देऊ या का?" क्षणभर कोणीच काही बोललं नाही. मग एक काका म्हणाले, "पोरी, आपल्या नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही अर्धा तास. आधी घरचं बघ." मागून एक आजी बोलल्या, "अगं, त्यांना तर बौद्धांच्याच देशाने हाकललं म्हणतात. आपण कुठल्या तोंडाने द्यायचं?" विषय पुढच्या पौर्णिमेवर गेला.

आम्ही तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो. पंधरा वर्षं वॉर्डात काढली, नंतर नोकरी सोडून वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम धरलं, तरी त्या दिवशी दोन वाक्यांत सांगता येईल असं काही सुचलं नाही. म्हणून या पानावर सविस्तर लिहितो आहोत. काकांचा प्रश्न खोटा नाही. आजींचा तर त्याहून खरा आहे. दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला हवं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. निर्वासिताला मदत की त्याला आसरा देणाऱ्या गरीब वस्तीला मदत, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. या दोन मदती वेगळ्या केल्या की दोन्ही वाया जातात. हे आम्हाला कोणत्या मोठ्या ग्रंथाने शिकवलं नाही, खरजेने शिकवलं.

खरूज काय शिकवते

वस्तीतल्या प्रत्येक आईला हे माहीत आहे. एका पोराच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. आई मलम आणते, त्यालाच लावते. आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सगळं सुरू होतं. का? कारण शेजारी झोपणाऱ्या बहिणीला ती होती, आजीला होती, फक्त खाज अजून सुटली नव्हती. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायचं असतं. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, रात्रभर ठेवायचं. कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा लावायचं. ज्याला खाज नाही त्यालाही. "मला काही झालेलं नाही" म्हणून जो औषध लावत नाही, त्याच्यामुळेच खरूज घरात राहते.

आता हेच घर एवढं मोठं करून बघा की त्यात दहा लाख माणसं मावतील.

बांगलादेशच्या आग्नेय टोकाला, म्यानमारच्या हद्दीला लागून कॉक्स बाजार नावाचा जिल्हा आहे. तिथल्या उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत रोहिंग्यांच्या तेहतीस छावण्या आहेत. कुतुपालोंगच्या आसपासची वसाहत ही जगातली सर्वांत मोठी निर्वासित छावणी मानली जाते. बांबू आणि ताडपत्रीच्या एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात. पाणी मोजून, साबण मोजून. २०२२-२३ मध्ये तिथे खरूज इतकी पसरली की काही छावण्यांत पाहणी केली तेव्हा दहांपैकी जवळपास चौघांच्या अंगावर ती निघाली. दवाखान्यात येईल त्याला औषध देऊन भागेना. पोर बरं होऊन घरी जायचं आणि पंधरवड्यात परत यायचं. अखेर घरोघरी जाऊन सगळ्यांना एकत्र औषध देण्याची मोहीम घ्यावी लागली. म्हणजे जे आपली आजी सांगते तेच.

हे लोक आले कुठून

रोहिंग्या हे म्यानमारच्या राखाइन प्रांतातले मुस्लीम. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच शेती, मासेमारी करणारे. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यातल्या बहुतेकांना देशच उरला नाही. कागद नाही, म्हणून प्रवासाला परवानगी नाही, शिक्षण नाही, दवाखान्यात मोकळेपणाने जाता येत नाही. कागद नसला की माणसाला कसं दारोदार फिरवतात, हे रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्यासाठी चपला झिजवलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

१९७८ मध्ये आणि पुन्हा १९९१-९२ मध्ये लाखो रोहिंग्या नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले होते. २५ ऑगस्ट २०१७ ला एका सशस्त्र गटाने म्यानमारच्या पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्याचं निमित्त करून लष्कराने गावंच्या गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर बलात्कार केले. पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसं सीमा पार करून आली. निम्म्याहून जास्त मुलं होती.

आता परिचारिकेच्या नजरेने बघा. ही मुलं कुठून आली? जिथे नियमित लसीकरण पोचतच नव्हतं तिथून. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून छावण्यांत घटसर्प सुरू झाला. आपल्याकडे नव्या परिचारिकांनी हा आजार फारसा पाहिलेला नसतो. घशात राखाडी पापुद्रा धरतो, मान सुजते, पोराला श्वास घेता येत नाही. खोकल्या-शिंकल्यातून तो पसरतो. हजारो संशयित रुग्ण निघाले, चाळीसहून अधिक दगावले. बहुतेक लहान मुलं. जो आजार लसीच्या तीन डोसांनी आणि पुढच्या बूस्टरने अडवता येतो, त्याने ही मुलं गेली.

दार उघडलं ते गरिबांनी

इथे काकांच्या प्रश्नाकडे येऊ. "आधी घरचं बघा." उखिया-टेकनाफची माणसं काय श्रीमंत होती का? मासे धरणारे, भातशेती करणारे, मिठागरात आणि रोजंदारीवर राबणारे. कॉक्स बाजार हा बांगलादेशातल्या मागासलेल्या जिल्ह्यांपैकी एक. पण २०१७ च्या त्या पावसात मोठ्या संस्थांचे ट्रक पोचण्याआधी भात शिजवून आणला तो याच लोकांनी. अंगणात, शाळेच्या व्हरांड्यात, मशिदीत जागा दिली. आपल्याकडे पूर येतो तेव्हाही पहिली भाकरी शेजारच्या वस्तीतूनच येते, तसंच.

पुढे त्यांना त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती खरी किंमत होती. बघता बघता पाहुण्यांची संख्या या दोन तालुक्यांतल्या मूळ रहिवाशांच्या जवळपास दुप्पट झाली. छावणीसाठी डोंगर सपाट केले, जंगल तुटलं. चुलीला लाकूड लागतं, म्हणून उरलेलं जंगलही सरपणात जाऊ लागलं. निर्वासितांना कायद्याने काम करता येत नाही, म्हणून ते चोरून, कमी पैशांत राबू लागले आणि स्थानिक मजुराची रोजंदारी घसरली. भाजी, मासळी, भाडं महागलं. टेकनाफमध्ये गोडं पाणी आधीच कमी, उन्हाळ्यात टँकर लागू लागले. छावणीतलं सांडपाणी ओढ्यातून भातखाचरात उतरलं. तालुक्याच्या रुग्णालयात जिथे आधी तासाभरात नंबर लागायचा तिथे दिवस जाऊ लागला. चांगल्या पगारासाठी स्थानिक शाळांतले शिक्षक मदतसंस्थांच्या नोकऱ्यांकडे वळले.

आणि त्याच वेळी रस्त्यावरून गाड्या जायच्या. त्यांत तांदूळ, तेल, साबण. सगळं छावणीत. कुंपणाबाहेर तितक्याच फाटक्या झोपडीत राहणारी बाई ते बघत उभी. तिच्या पोटात कालवाकालव होणारच. ज्यांनी भात शिजवून आणला तेच पुढे "यांना परत पाठवा" म्हणू लागले, त्यात नवल नाही. त्यांची करुणा आटली नव्हती. त्यांचं पाणी, मजुरी आणि दवाखाना आटला होता.

काकांच्या बोलण्यात हाच अनुभव आहे. आपल्या वस्तीनेही हे पाहिलं आहे. धरणग्रस्त येतात, दुष्काळातले येतात, परप्रांतातले मजूर येतात. कोण आले तरी बिल्डरच्या सोसायटीत कोणी त्यांना ठेवून घेत नाही. ते आपल्याच गल्लीत येतात, आपल्याच नळावर रांग लावतात. पाहुणचाराचा बोजा नेहमी गरिबावरच पडतो. मग त्या गरिबाला पाण्याची जोडणी वाढवून न देता "मन मोठं करा" असं सांगणं हा ढोंगीपणा आहे.

रोगाला कुंपण दिसत नाही

पण यातून "म्हणून निर्वासिताला देऊ नका" हे उत्तर निघत नाही. का, ते आरोग्याच्या हिशेबाने सांगतो.

२०१७ मध्ये घाईघाईत हजारो शौचालयं आणि हातपंप खोदले गेले. जागा इतकी कमी की पंपाला लागूनच शौचालय. उथळ कूपनलिकांच्या पाण्यात आणि घराघरांतल्या हंड्यांत विष्ठेतले जंतू निघाले. अशा जागी पटकी शिरली असती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये तोंडावाटे द्यायच्या पटकीच्या लसीची प्रचंड मोहीम झाली, काही दिवसांत सुमारे सात लाख लोकांना डोस दिला गेला. साथ भडकली नाही. २०१८ च्या पुढच्या फेरीत छावणीशेजारच्या गावकऱ्यांनाही लस दिली. हे उपकार म्हणून केलं नाही. ओढा एक, बाजार एक, रिक्षा एक. मग पटकी कुंपणाच्या अलीकडे थांबेल कशी? निर्वासित पोराला दिलेला डोस गावच्या पोरालाही वाचवतो आणि गावच्या पोराला दिलेला डोस छावणीतल्या पोराला.

जिथे ही गोष्ट समजली तिथे काम नीट झालं. सरपणासाठी जंगल तुटतंय, हे बघून २०१८ पासून छावण्यांत गॅसच्या टाक्या दिल्या गेल्या आणि आसपासच्या काही स्थानिक कुटुंबांनाही दिल्या. लाकडाची मागणी बरीच घटली, उघड्या डोंगरांवर पुन्हा झाडं लावता आली, आणि बायका-मुलींची रानात जाण्याची धास्ती कमी झाली. खोलीतला धूरही कमी झाला. धुराने छातीत काय होतं हे चुलीपाशी जन्म गेलेल्या आपल्या आयांना विचारा. छावणीतल्या दुकानांसाठी ताजी भाजी स्थानिक शेतकऱ्यांकडून, त्यातही बायकांच्या गटांकडून घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा निर्वासिताच्या पोटात गेलेल्या भाजीचा पैसा गावात राहिला. करोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, कॉक्स बाजारच्या सदर रुग्णालयात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या मदतीने अतिदक्षता विभाग सुरू झाला. तो गावकऱ्यांसाठीही होता आणि रोहिंग्यांसाठीही. निर्वासित आल्यामुळे गावाला मिळालेली ही सोय होती.

बांगलादेश सरकारनेही आग्रह धरला की मदतीच्या कामातला साधारण पाव हिस्सा स्थानिक लोकांसाठी असावा. हा हिस्सा पुरेसा आहे का, तो खरोखर पोचतो का, यावर तिथले लोक भांडत असतात आणि त्यांनी भांडावंच. पण तत्त्व बरोबर आहे. मदत माणसाच्या ओळखपत्राला द्यायची नसते, ती पूर्ण परिसराला द्यायची असते.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. छावण्यांत हजाराहून अधिक आरोग्य स्वयंसेवक घरोघर फिरतात. त्यांतले बरेच जण स्वतः निर्वासित. आपल्या आशाताईंसारखंच काम. कोणाला दिवस गेलेत, कोणाच्या पोराची लस राहिली, कोणाला तीन आठवड्यांपासून खोकला आहे, हे त्यांना माहीत असतं. ज्यांना आपण "मदत घेणारे" म्हणतो त्यांच्याशिवाय ती मदत एक पाऊलही चालत नाही.

हात आखडला की काय होतं

जगाचं लक्ष दुसरीकडे गेलं की पैसे आटतात. २०२३ च्या सुरुवातीला छावणीत एका माणसाला महिन्याला अन्नासाठी १२ डॉलर मिळत होते, म्हणजे जेमतेम हजार रुपये. मार्चमध्ये ते १० झाले, जूनमध्ये ८. आठ डॉलर म्हणजे दिवसाला बावीस-तेवीस रुपये. त्यात तीन वेळचं जेवण करून दाखवा. ते वर्ष संपेपर्यंत पाच वर्षांखालच्या मुलांतलं तीव्र कुपोषण १५ टक्क्यांवर गेलं. हा आणीबाणीचा आकडा मानतात. २०२४ मध्ये रक्कम पुन्हा वाढली. २०२५ च्या मार्चमध्ये ती ६ डॉलरवर आणण्याची नोटीस निघाली आणि शेवटच्या क्षणी पैसे आल्याने टळली. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा छावण्यांतल्या काही दवाखान्यांच्या सेवा बंद पडल्या.

ताटातलं कमी झालं की माणसं काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे. आई आधी स्वतःचं जेवण सोडते. मग मुलाला कामाला लावतात, मग मुलीचं लग्न उरकतात. मग कोणीतरी बोटीत बसून समुद्रात निघतं. आणि मजुरी आणखी पडते, तीही गावाची. म्हणजे छावणीत कपात झाली की तिची झळ यजमान वस्तीलाही लागते. काकांना आम्ही हेच सांगू : निर्वासिताचं ताट काढून घेतलं म्हणून शेजाऱ्याचं ताट भरत नाही.

जलसंजीवनी आपल्या घरी कुठून आली

"पण यातून आपल्याला काय मिळालं?" असंही कोणी विचारेल. आपल्या घरात, गोळ्यांच्या डब्यात जलसंजीवनीचं पाकीट आहे ना? तेच ते, जुलाब झाल्यावर आशाताई देतात ते. त्याची मोठी परीक्षा निर्वासितांच्या छावणीत झाली.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या सीमेवरच्या बोनगाव इथे पटकीने कहर केला. रुग्णालयात जमिनीवर, स्वतःच्याच जुलाबात पडलेली माणसं. सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या, ती लावणारे हात त्याहून कमी. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाजलं तर जीव वाचतो, हे प्रयोगांतून कळलं होतं, पण इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या वाईट परिस्थितीत कोणी वापरलं नव्हतं. त्यांनी पिंप भरून ते पाणी तयार करवलं आणि रुग्णाच्या आईला, भावाला, नवऱ्याला सांगितलं, पेल्याने पाजत राहा. जिथे शंभरातले तीस दगावत होते तिथे हे प्रमाण चारच्या खाली आलं.

वॉर्डात आम्हाला जे शिकवलं ते या छावणीतल्या नातेवाइकांनी आधी करून दाखवलं होतं. एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. प्रत्येक जुलाबानंतर थोडं थोडं पाजायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं, डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या. तेव्हा "ही परकी माणसं, मरू देत" असं म्हटलं असतं, तर आज आपल्या गल्लीतल्या कितीतरी पोरांना हे पाणी इतक्या लवकर मिळालं नसतं.

आजींचा प्रश्न

आता आजींकडे वळू. त्यांचा प्रश्न आम्हालाही बोचतो.

होय, म्यानमार हा बौद्धबहुल देश आहे. होय, तिथल्या काही चीवरधारी भिक्खूंनी रोहिंग्यांविरुद्ध उघड द्वेष पसरवला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. याच देशात, रंगूनला, १९५४ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. म्हणून तर जास्त लागतं. पण बंदूक लष्कराच्या हातात होती, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्याच लष्कराने त्याच देशातल्या बौद्धांचीही गावं जाळली. धर्माचं नाव घेऊन आज शेजाऱ्याला मारणारी सत्ता उद्या आपल्या घरावर येते.

दुसरी बाजूही आजींना सांगायला हवी. ज्या कॉक्स बाजारमध्ये रोहिंग्या आले, तिथे पिढीजात बौद्ध राहतात. बरुआ आहेत, राखाइन आहेत. सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस फेसबुकवरच्या एका चित्राचं निमित्त करून जमावाने रामू आणि उखियामधली त्यांची विहारं जाळली, घरं जाळली. पाच वर्षांनी त्यांच्या दारात निर्वासित आले ते मुस्लीम, आणि आले ते बौद्धबहुल देशातून हाकललेले. सूड घ्यायला किंवा तोंड फिरवायला दोन्ही कारणं होती. २०१७ च्या प्रवारणा पौर्णिमेला बांगलादेशातल्या बौद्ध संघटनांनी काय केलं? तिथे त्या रात्री आकाशात कागदी दिवे सोडण्याची मोठी प्रथा आहे. त्यांनी ते दिवे सोडायचे नाहीत असं ठरवलं आणि वाचलेला पैसा रोहिंग्यांसाठी द्यायचं जाहीर केलं.

आजी, कुठल्या तोंडाने द्यायचं म्हणालात ना? या तोंडाने.

विनयपिटकातली एक गोष्ट आम्ही नर्सिंगच्या मुलींना नेहमी सांगतो. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्या घाणीत पडून होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. का, असं भगवंतांनी विचारल्यावर तो म्हणाला की मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी शुश्रूषा करत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून मंचकावर ठेवलं. उपयोगाचा आहे का, हे बघून सेवा करायची नसते, हा धडा तिथे आहे. जुलाबाच्या रुग्णाला धुण्यापासून आमच्या कामाची सुरुवात होते. बुद्धांनीही तेच केलं.

आणि मदतीत भेदभाव झाला की काय होतं, हे आपल्या समाजाला माहीत आहे. १९४७ च्या फाळणीत पाकिस्तानातून आलेल्या अस्पृश्य निर्वासितांना छावण्यांतही वेगळी वागणूक मिळत होती, आणि तिकडे अडकलेल्या सफाई कामगारांना येऊ दिलं जात नव्हतं. बाबासाहेबांनी त्याबद्दल नेहरूंना पत्र लिहून दाद मागितली होती. छावणीच्या दारात "तू कोण?" असं विचारून ज्याला मागे ढकललं त्याची आपण लेकरं. तो प्रश्न आपण दुसऱ्याला विचारू नये.

द्यायचं तर काय, कसं

पुढच्या पौर्णिमेला विषय निघेल तेव्हा आमची सूचना अशी राहील. जमलेल्या वर्गणीतून जे बाजूला काढायचं ठरेल त्याचे दोन भाग करावेत. एक भाग निर्वासितांसाठी, एक आपल्याच वस्तीत नव्याने आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या कुटुंबांच्या औषधपाण्यासाठी. म्हणजे काकांनाही ना म्हणता येणार नाही. रक्कम लहान असली तरी चालेल.

देताना काही गोष्टी पाळाव्यात, त्या परिचारिका म्हणून सांगतो.

पैसेच द्यावेत, नोंदणीकृत संस्थेला, पावती घेऊन. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोखालच्या क्रमांकावर कधीही पाठवू नयेत.

घरातल्या उरलेल्या औषधांच्या स्ट्रिप्स देऊ नयेत. तारीख गेलेली, अर्धी कापलेली, नाव पुसलेली औषधं छावणीत कामाची नसतात, उलट ती वेगळी काढण्यात माणसं अडकतात.

डब्याचं दूध आणि दुधाच्या बाटल्या अजिबात देऊ नयेत. हे ऐकून बायांना वाईट वाटतं, पण कारण समजून घ्या. स्वच्छ पाणी नसलेल्या जागी बाटलीतलं दूध म्हणजे जुलाब, आणि डबा मिळाला की आई अंगावर पाजणं कमी करते, मग डबा संपल्यावर दूधही आटलेलं असतं. त्याऐवजी आईला खायला मिळेल असं बघावं.

आणि पैसा नसेल त्याने हे करावं : आपल्या गल्लीत ऊसतोडीवरून, पुरातून, परराज्यातून कोणी कुटुंब आलं तर पहिल्या आठवड्यात त्यांच्या बाळाला घेऊन लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जावं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, या तीन डोसांत घटसर्पाचीही लस असते. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पाच वर्षांनंतर बूस्टर असतो. त्या आईला इथलं काही माहीत नसतं. आपल्याला असतं.

काका, तुमच्या नळाच्या प्रश्नासाठी महापालिकेत अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे, सह्या तेवढ्या हव्यात. तो अर्ज आणि त्या मुलीचा प्रस्ताव आम्ही एकाच पौर्णिमेला, एकाच बैठकीत मांडणार आहोत. दोन्हींवर तुमची सही घ्यायला येऊ.

जय भीम.